घरचा संगणक मंदावतो तेव्हा

चुडाव्यात संगणक रखडू लागला की पूर्णा नाहीतर नांदेड गाठून नवा घ्यावा, असे मनात येते. पण मंडळी, आधी दुखणे कुठे आहे ते पाहा.

हार्ड डिस्क ही धान्याची कणगी आणि रॅम हे सूप. निवडायचे धान्य सुपात घ्यावे लागते. सूप लहान असले की कणगीकडे खेपा वाढतात. त्यात जुन्या डिस्कची तबकडी मिनिटाला बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. खेप सावकाशच होणार!

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘स्टार्टअप’मध्ये सुरुवातीलाच आपोआप चालू होणारे कार्यक्रम दिसतात. नको ते बंद करा. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका. याला पैसा लागत नाही.

एवढ्याने भागले नाही, तर काम करताना आकडे पाहा. मेमरी सारखी नव्वद टक्क्यांवर असेल तर रॅम वाढवावी. काही लॅपटॉपांत ती वाढवता येत नाही, हे आधी विचारून घ्यावे. मेमरी मोकळी असून डिस्कच शंभरावर अडत असेल, तर एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारे काहीच नसते. वेग वाढवून देणारी फुकटची सॉफ्टवेअर घेऊ नयेत. तीच सूप अडवून बसतात.

आणि गुरुजी, डिस्क काढण्याआधी मुलांचे गुण पेनड्राइव्हवर उतरवून घ्या बरं का!