हरिद्वारची वही

हिमालय सोडून गंगा सपाटीवर उतरते ती हरिद्वारला. मी पडलो इंजिनियर, त्यामुळे आधी डोळ्यांत भरला तो कालवा. प्रोबी कॉटलीने बांधलेला गंगा कालवा १८५४ साली सुरू झाला आणि हर की पौडीवर आपण ज्यात बुडी मारतो ते पाणीही पुढे त्याच कालव्यात जातं! (“इथे तरी नोकरी विसरा,” इति सौ.)

पण खरं काम पंड्यांकडे होतं. बाबा गेल्यावर त्यांचं नाव वहीत घालायचं राहून गेलं होतं. पंडाजींनी फक्त गाव आणि आडनाव विचारलं, लांबलचक वही उलगडली आणि पंजोबांच्या हातची नोंद पुढे ठेवली. मोडीत! अमेरिकेतली मास्टर्स डिग्री काय कामाची? एक अक्षर लागेना. पंडाजींनाही मोडी येत नव्हती. बाजूच्या देवनागरी टिपणावरून त्यांनी आमचं घराणं ओळखलं.

बाबांचं नाव मी लिहिलं. मग लेकीने विचारलं, “माझं?” पंडाजी क्षणभर घुटमळले. मुलींची नावं सासरच्या वहीत जातात म्हणे. मी हटून बसलो. शेवटी त्यांनी पेन तिच्या हातात दिलं. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात गिरवलेली अक्षरं तिने सावकाश काढली. वेलांटी चुकली, ती खोडून पुन्हा लिहिली.