छोट्या ट्रॅक्टरचें वंगण : गाळणी आणि इशारा

आमच्या नेरकडे बैलबंड्यांच्या दिवसांत बंडीखालीं वंगणाचा नळा लटकत असे. आंसाला वंगण कमी पडलें कीं बंडी कुरकुरूं लागे, आणि तें दूरच्या माणसालाहि कळे. आज त्याच शेतांत कपाशीच्या दोन ओळींमधून छोटा ट्रॅक्टर डवरणी करीत जातो. त्याच्या पोटांतहि वंगणच आहे. परंतु तें कमी झालें तर यंत्र लगेच कुरकुरत नाहीं. तें आवाज करूं लागतें तेव्हां बहुधा वेळ टळून गेलेली असते. आपल्यापैकीं कित्येकांचीं शेतें गांवीं भाऊबंदांच्या हातीं आहेत व ट्रॅक्टरचा हप्ता शहरांतून जातो. तेव्हां हा विषय आपल्याहि घरचाच आहे.

इंजिनांत पिस्टन, क्रँक, बेअरिंग हे भाग फिरत असतां त्यांच्यामध्यें तेलाचा पातळ थर राहतो व धातू धातूला शिवत नाहीं. तेंच तेल उष्णता वाहून नेतें; काजळी, धूळ आणि झिजलेल्या धातूचे कणहि उचलतें. म्हणून तेलाला धोके दोन : मळण्याचा आणि कमी होण्याचा. दोन्हींवरील उपाय निराळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाहीं.

मळावर उपाय गाळणीचा, म्हणजे ऑइल फिल्टरचा. पंपानें ढकललेलें तेल घड्या घातलेल्या कागदांतून गाळून बेअरिंगकडे जातें. पण गाळणीच चोंदली तर? तेल अडून बेअरिंगें कोरडीं पडूं नयेत म्हणून तेथें एक झडप ठेवलेली असते. दाब वाढतांच ती उघडते आणि न गाळलेलें तेल पुढें जातें. कोरडें राहण्यापेक्षां मळकें बरें, हा त्यांतील विचार. परंतु त्यामुळें चोंदलेली गाळणी मालकाला कांहींच सांगत नाहीं. ती तासांचा हिशेब ठेवूनच बदलावी लागते. हातानें धरून चालवावयाच्या लहान पेट्रोल यंत्रांत तर पुष्कळदां पंपहि नसतो व गाळणीहि नसते. आंतील पळी तेल उडविते इतकेंच. तेथें तेल बदलणें हीच गाळणी. होंडाच्या जीएक्स जातीच्या बऱ्याच इंजिनांना पहिलें तेल २० तासांनीं व पुढें दर १०० तासांनीं बदलावें, असा नियम आहे.

आतां तेल कमी होण्याविषयीं. कांहीं पेट्रोल इंजिनांत तेलावर तरंगणारा फुगा असतो. पातळी उतरली कीं तो ठिणगी तोडतो व यंत्र आपोआप बंद पडतें. डिझेल इंजिनाला ठिणगीच नाहीं. छोट्या ट्रॅक्टरवर बहुधा तेलाच्या दाबाचा लाल दिवा तेवढा असतो. इंजिन थांबविणें चालकाच्याच हातीं राहतें.

हा भेद आमच्या घरीं महागांत शिकावा लागला. चेंबरच्या बोल्टांतून तेल थेंबथेंब झिरपत होतें. उतारावर धुऱ्याजवळ वळतांना दिवा क्षणभर लुकलुके. पुतण्याला वाटलें, तार सैल असेल. वास्तविक तेल उणें असल्यामुळें ट्रॅक्टर कलला कीं पंप हवा ओढीत होता. "दोन तासेंच उरलीं आहेत," म्हणून त्यानें काम रेटलें, आणि दुसऱ्या तासांत इंजिन जाम झालें. दुरुस्तीचा खर्च झालाच. पण ऐन डवरणींत तीन आठवडे गेले, तण कपाशीच्या वर आलें, आणि शेवटीं शेजाऱ्याची बैलजोडी मागून आणावी लागली.

तेव्हांपासून आमच्याकडे तीन नियम आहेत. सकाळीं ट्रॅक्टर सपाट जागीं उभा असतांना, इंजिन सुरू करण्यापूर्वीं, डिपस्टिक पुसून तेल पाहावयाचें. किल्ली फिरवितांच लाल दिवा लागला पाहिजे व इंजिन सुरू होतांच विझला पाहिजे. मुळींच न लागणारा दिवा हा निर्धोकपणा नव्हे, तो बिघाड होय. आणि चालतां चालतां दिवा लुकलुकला तर त्याच क्षणीं इंजिन बंद, मग तास अर्धें राहिलें तरी चालेल.

गाळणी तेल स्वच्छ ठेवील, पण वाढवणार नाहीं. दिवा दाब सांगेल, पण मळ सांगणार नाहीं. तेल किती आहे व कसें आहे, हें दोन्ही पाहणारी वस्तु एकच, ती डिपस्टिक. आणि ती काढून पाहण्यास माणूसच लागतो. पुढच्या वेळीं गांवीं फोन कराल तेव्हां पीकपाण्याबरोबर एवढेंहि विचारा, "आज तेल पाहिलें का?"