आधी हात, मग मन

नवागामातील आपली कितीतरी घरे खानदेशातून आलेली. हात सुरतेच्या यंत्रमागावर, जीव मात्र गावाकडच्या कपाशीत. पाऊस लांबला, हप्ता थकला की झोप उडते, घास उतरत नाही. मग आपण म्हणतो, “मन लागले की उठू.”

गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेने नेमके उलटे करून पाहिले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत टाकून दिलेली कामे थोडी थोडी पुन्हा करायला लावली. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा या जोडीने अधिक गुण आला, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. सार एवढेच: काम आधी, उमेद मागून.

म्हणून आपणही रोज ठरल्या वेळी एक लहान काम धरू या. बांधावर फेरी मारावी, दारच्या मिरचीला पाणी घालावे, शेजाऱ्याबरोबर चहा घ्यावा. रात्रपाळी असेल तर झोपून उठल्यावर करावे. झोपेसाठी दारू घेऊ नये. तिने झोप मोडते.

उदासी दोन आठवडे हटली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे वाटले, तर एक दिवसही थांबू नये. घरच्यांना सांगावे, ‘टेलि-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर बोलावे. सेवा मोफत, चोवीस तास आहे. घरच्यांनी फवारणीचे औषध कुलपात ठेवावे. पिकावर रोग दिसताच आपण सल्ला विचारतो. मनासाठी विचारण्यात कसली लाज?