फोटोतला तंबू

जत्रेतला तंबूचा सिनेमा तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. दिवस मावळला की कर्ण्यावर गाणी लागत. मग लोक बैलगाड्या सोडून तंबूकडे धाव घेत. खाली जमिनीवर बसायचे, बाया एकीकडे, गडी एकीकडे. मध्येच फीत तुटली की सारा तंबू ओरडे! त्यालाच टूरिंग टॉकीज म्हणत. आता घरोघरी टीव्ही आहे, हातात मोबाईल आहे. तंबू उठून गेले.

गडचिरोलीकडच्या एका गावी आम्हाला एका घरात असल्याच तंबूचा फोटो पाहायला मिळाला. पेटीत लुगड्यांच्या खाली तो ठेवलेला होता. एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. तंबूपुढे दहा-बारा माणसे उभी होती. फोटो कधीचा? घरात कोणालाच सांगता येईना. मागे काही लिहिलेले नव्हते.

मग आम्ही फोटो उजेडात धरला आणि त्यातली अक्षरे वाचू लागलो.

फलकावर पहिला शब्द वाळवीने खाल्लेला होता. पुढे ‘टूरिंग टॉकीज’ एवढे दिसत होते. टॉकी म्हणजे बोलणारा सिनेमा. पूर्वी सिनेमा मुका असे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थेटरात लागला, तो मुकाच होता. १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि आपल्या देशात सिनेमा बोलू लागला. म्हणजे आपला फोटो १९३१ च्या नंतरचा.

तंबूच्या कनातीवर एक जाहिरात चिकटवलेली होती. तिच्यावर ‘तुकाराम’ हा शब्द वाचता आला. बाजूला विणा घेतलेले संत. हा प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ असणार. तो १९३६ चा. पण इथे घाई करू नये. शहरात लागलेला सिनेमा खेड्यात यायला कित्येक वर्षे लागत. जाहिरातीवरून एवढेच कळते की फोटो १९३६ च्या आधीचा नाही.

दाराशी तिकिटाचा दर लिहिला होता : ‘जमीन ४ आणे’. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. तोवर रुपयाचे १६ आणे होते, पुढे १०० नवे पैसे झाले. जुनी नाणी नंतरही काही दिवस चाललीच. तेव्हा १९५७ किंवा त्याच्या थोडे पुढे, इथवरच जाता येते.

खाली ‘जि. चांदा’ असे होते. पोरे हसली, “गडचिरोली चांद्यात कशी?” चंद्रपूरला पूर्वी चांदा म्हणत. १९६४ च्या सुमारास नाव बदलले. गडचिरोलीचा वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी ती त्याच जिल्ह्यात होती. हेही दराशी जुळले.

एवढ्यात आजीबाई पुढे आल्या. फोटोतल्या एका बाईवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे मी हाव जी. माहा मोठा पोरगा तवा कडेवर होता.” मोठ्या मुलाचा शाळेचा दाखला काढला. जन्म १९५२. आता दाखल्यावरची तारीख गुरुजींनी पुष्कळदा अंदाजानेच घातलेली असते, तरी वर्ष-दोन वर्षांचा फरक धरू. म्हणजे फोटो १९५३-५४ च्या आसपासचा. सारी अक्षरे वाचून आम्ही वीस-पंचवीस वर्षांच्या आत आलो होतो. आजीबाईंनी एका वाक्यात ते काम दोन वर्षांवर आणले.

मोठ्या शहरांतल्या थेटरांचा इतिहासही असाच शोधतात. पुण्यात मंडईजवळ १९१५ साली ‘आर्यन’ थेटर निघाले. १९८३ साली ते पाडले. तिथे आता गाड्या उभ्या राहतात, वाहनतळाला नाव तेवढे आर्यनचे आहे. ते थेटर दिसायचे कसे, हे आजच्या पोरांना फोटोतूनच कळणार. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ साली बंद पडले होते. पुढे दुरुस्ती झाली तेव्हा जुने फोटो पाहून आतले काम पूर्वीसारखे करण्यात आले. २०१६ साली ते पुन्हा उघडले. सिनेमाच्या फिती, फोटो, जाहिराती जपायला पुण्यात १९६४ पासून सरकारी संग्रहालयही आहे.

पण जत्रेतल्या तंबूचे फोटो तिथे किती पोचणार? ते आपल्याच पेट्यांत आहेत. फोटो भिंतीला डिंकाने चिकटवू नये. कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवावा. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेन दाबून लिहिले तर पुढे वळ उठतो.

तंबूचा मालक कोण होता, ते आजीबाईंना आठवेना. फलकावरचे नाव वाळवीने नेले. बाकी माणसांपैकी पाच जणांची नावे त्यांनी सांगितली. आम्ही लिहायला पेन्सिल काढली, तर त्यांनी ती हातातून घेतली. दोन वर्षांपूर्वी त्या रात्रीच्या वर्गात लिहायला शिकल्या होत्या. फोटो उलटा करून त्यांनी सावकाश पाच नावे लिहिली. सहावे स्वतःचे लिहिले.