अन्नछत्रांच्या मुलखातील विमान

तंजावूरच्या भोसल्यांचे राज्य विस्ताराने लहान. आणि 1799च्या तहनाम्याने मुलकी कारभार कंपनी सरकारच्या स्वाधीन झाल्यावर तर दुसऱ्या शरभोजी राजांच्या हाती किल्ला, त्याच्या भोवतालचा थोडका प्रदेश आणि तनखा एवढेच उरले. तथापि राज्याधिकार गेल्यानंतरही ज्या एका गोष्टीचा ताबा सोडण्यास ते राजी नव्हते, ती गोष्ट म्हणजे रामेश्वराच्या वाटेवरील छत्रे. 1801 साली रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी या छत्रांची जी हकीकत दिली आहे, तीवरून असे दिसते की, वाटसरूला तेथे शिजवलेले अन्न मिळे, तो आजारी पडल्यास वैद्य त्याची चिकित्सा करी, वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीची शुश्रूषा होई आणि कोणी दगावल्यास त्याचे अंत्यविधीही रिवाजाप्रमाणे पार पडत. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र किंवा नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र यांचा हा खर्च प्रवाशाच्या कनवटीतून निघत नसे. त्यासाठी जमिनी आणि गावांचा वसूल लावून दिलेला असे.

या मुलखात सुमारे एकशेनव्वद वर्षांनंतर प्रवाशांच्या सोयीची आणखी एक सरकारी योजना अवतरली आणि अल्पावधीतच लुप्त झाली. ती म्हणजे ‘वायुदूत’.

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी महामंडळांनी मिळून 1981च्या जानेवारीत ही कंपनी स्थापिली. मोठी जेट विमाने जेथे उतरू शकत नाहीत, अशा ईशान्येकडील डोंगराळ प्रदेशातील लहान धावपट्ट्या पुन्हा नांदत्या कराव्यात, हा तिचा मूळ हेतू. आरंभी फोकर जातीची जुनी विमाने तिच्या दिमतीस होती. पुढे जर्मन बनावटीचे आणि नंतर कानपूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात परवान्याने बांधले जाणारे डॉर्नियर 228 हे विमान तिचे मुख्य वाहन झाले. चौकोनी अंगाचे, दोन पंख्यांचे हे विमान एकोणीस प्रवाशांचे. मधल्या अरुंद वाटेच्या दोन्ही बाजूंस एकेकच आसन असल्याने प्रत्येकास खिडकी लाभे. परंतु आत हवेचा दाब राखण्याची योजना नसल्याने ते फार उंच जाऊ शकत नसे, आणि पावसाळी ढगांचे धक्के उतारूंना मुकाट्याने सोसावे लागत.

कंपनीचा विस्तार मात्र विलक्षण वेगाने झाला. 1980च्या दशकाच्या अखेरीस तिच्या नकाशावरील गावांची संख्या शंभराच्या घरात गेली. आपल्या मतदारसंघात विमान यावे असे कोणत्या खासदारास वाटणार नाही? याच ओघात 1990च्या दशकाच्या आरंभी तंजावूरलाही, 1940च्या सुमारास महायुद्धाच्या निमित्ताने बांधलेल्या धावपट्टीवर, मद्रासचे विमान उतरू लागले. पण मद्रासला रात्रीच्या गाडीने निजून जाता येत होते, आणि विमानच हवे असेल त्यास सुमारे 55 किलोमीटरांवर तिरुचिरापल्लीचा मोठा विमानतळ होता. उतारू पुरेसे मिळेनात, तेव्हा ही सेवा बंद पडली.

जे तंजावूरला घडले तेच अन्यत्रही घडत होते. भाडे वाढवावे तर एकोणीस आसनेही भरत नाहीत, आणि न वाढवावे तर इंधन, सुटे भाग व वैमानिकांचे पगार यांचा मेळ बसत नाही, अशा कात्रीत कंपनी सापडली, देणी तुंबली. 19 ऑक्टोबर 1988 रोजी गुवाहाटीजवळ तिचे फोकर कोसळून आतील सर्व 34 जण मृत्युमुखी पडले, आणि पुढल्याच वर्षी आपल्या इंदापूर परिसरात एका डॉर्नियरला अपघात झाला. त्यामुळे लोकांचा विश्वासही डळमळला. अखेर 1993 साली तिला इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला.

वायुदूत गैरकारभाराने बुडाली, असे म्हणून हे प्रकरण निकालात काढणे सोपे आहे. पण माझ्या मते दोष मुळातच होता. तिच्यावर कर्तव्य धर्मशाळेचे लादले आणि हिशेब मात्र दुकानाचा मागितला. शरभोजींच्या छत्रांना कोणी नफा विचारला नाही, कारण त्यांच्या तरतुदीची चिंता आधीच वाहिलेली होती. म्हणूनच 1855मध्ये राज्य खालसा झाले तरी छत्रांची मिळकत एकदम नाहीशी झाली नाही, ती पुढे सरकारी कारभाराखाली गेली.

2017पासून सुरू झालेल्या ‘उडान’ योजनेत मोठ्या मार्गांवरील विमानांवर आकार बसवून लहान गावांच्या मार्गांची तूट भरून काढली जाते, म्हणजे वसूल लावून देण्याचे जुने तत्त्व उशिरा का होईना मान्य झाले. मात्र ही मदत साधारणतः तीनच वर्षांची असते. तंजावूरची धावपट्टी 2013पासून हवाई दलाचा पूर्ण तळ झाली असून 2020च्या जानेवारीपासून तेथे सुखोई विमानांची तुकडी तैनात आहे. तेथे प्रवासी विमान पुन्हा आणावयाचे असेल, तर उद्घाटनाचा मुहूर्त धरण्यापूर्वी चौथ्या वर्षाचा खर्च कोणत्या खात्यातून निघणार, हे ठरवून ठेवावे.