असं कसं चालतं? : सर्व्हरची नाडी
तत्काळ तिकिटाच्या वेळी अ‍ॅपमधलं चक्र फिरतच राहतं. अशा सेवेमागे अनेक सर्व्हर राबत असतात. त्यातला नेमका कोणता अडलाय, हे कसं कळतं?

त्यासाठी सगळ्यांचे आकडे एके ठिकाणी गोळा करणारी वेगळी सेवा उभारतात. ‘प्रोमिथियस’ ही त्यातली एक. साउंडक्लाउड या संगीतसेवेच्या अभियंत्यांनी २०१२मध्ये तिची सुरुवात केली.

मीटरचं रीडिंग

तिचं काम वीजमीटरचं रीडिंग घेण्यासारखं असतं. सर्व्हरवरचा प्रत्येक प्रोग्राम आपले आकडे एका साध्या पानावर मांडून ठेवतो : किती विनंत्या आल्या, किती फसल्या. प्रोमिथियस ते पान ठरावीक वेळाने, समजा दर १५ सेकंदांनी, वाचते. मोजणी वाढतच जाते. दोन रीडिंगांतला फरक म्हणजे मधल्या वेळातलं काम. त्यामुळे एखादं रीडिंग हुकलं तरी एकूण हिशेब बुडत नाही. पानच उघडलं नाही, तर सर्व्हर बंद पडल्याची शंका घ्यायची.

सरासरीचा चकवा

१०० विनंत्यांपैकी ९५ जर ०.१ सेकंदात आणि ५ जर १० सेकंदांत पुऱ्या झाल्या, तर सरासरी जेमतेम ०.६ सेकंद येते. त्या पाच जणांचा खोळंबा तिच्यात झाकला जातो. म्हणून वेळेचे टप्पे पाडून, कोणत्या टप्प्यात किती विनंत्या पडल्या तेही मोजतात. संथ विनंत्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्या, की अभियंत्याच्या मोबाइलवर इशारा जातो. बहुधा ग्राहकांच्या तक्रारी येण्याआधीच.