पात्यांमधील वारा

मुलांनो, सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा दट्ट्या किती जोराने दाबावा लागतो, हे तुम्ही अनुभवले असेल. जेट विमानाच्या एंजिनाला अशी दाबलेली हवा अखंड लागते. ती पुरविण्याचे काम कॉम्प्रेसर करतो. त्याच्या आसाभोवती बसविलेली पाती वेगाने फिरतात, समोरची हवा मागे लोटतात आणि तिचा दाब वाढवितात.

परंतु पाणी जसे आपण होऊन चढावर जात नाही, तशी हवाही आपण होऊन अधिक दाबाकडे जात नाही. पात्यांचा आकार चुकला, तर हवा त्यांच्या पाठीपासून सुटते. कधी कधी सारा प्रवाहच उलटतो व एंजिन हादरू लागते. म्हणून पात्यांमधून हवा कशी वाहील, हे विमान उडण्यापूर्वीच कळले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक आकाराची पाती घडवून पाहणे मोठे खर्चाचे काम आहे. तेथे गणित साहाय्यास येते.

द्रव आणि वायू या दोहोंना मिळून द्रायू म्हणतात. द्रायूच्या गतीची समीकरणे फ्रान्सचे नाव्हिए यांनी १८२२ मध्ये व ब्रिटनचे स्टोक्स यांनी १८४५ मध्ये मांडली. ती सोडविणे अतिशय कठीण आहे. म्हणून शेतात वाफे पाडावेत, तसे पात्यांमधील जागेचे लक्षावधी सूक्ष्म भाग कल्पितात. प्रत्येक भागात किती हवा आली, किती गेली, तिचा वेग व दाब किती, याचा हिशेब संगणक पुनःपुन्हा करतो.

पण पाती तर फिरत असतात! मग हिशेब कसा करावयाचा? जत्रेतील चक्री पाळण्यात बसलेल्या मुलाला आपला घोडा स्थिर वाटतो आणि सभोवतालची जत्राच फिरताना दिसते. गणितज्ञही मनाने पात्यावर जाऊन बसतात. मग पाते स्थिर होते. मात्र फिरण्यामुळे भासणारी बले हिशेबात मिळवावी लागतात. सर्व पाती सारखी असल्याने बहुधा दोन पात्यांमधील एकाच वाटेचा हिशेब पुरतो.

हे उत्तर खरे कशावरून? अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने 'रोटर ३७' नावाचे ३६ पात्यांचे चक्र तयार केले होते. ते मिनिटास सुमारे १७,२०० फेरे घेई आणि पात्यांची टोके ध्वनीहूनही वेगाने धावत. त्यातील हवेचा वेग लेसर किरणांनी मोजण्यात आला. १९९४ मध्ये अनेक तज्ज्ञांना ही मोजमापे न दाखविता गणिताने उत्तरे काढण्यास सांगितले. चक्र एकच, समीकरणेही तीच. तरी उत्तरे एकमेकांशी तंतोतंत जुळली नाहीत आणि मोजमापांशीही जुळली नाहीत! हवेतील बारीक भोवरे निरनिराळ्या अंदाजांनी हिशेबात धरण्यात आले होते.

ही फजिती कोणी लपविली नाही. उलट तिचा अभ्यास करूनच पुढील गणिते सुधारण्यात आली. संगणक कितीही वेगवान असो, त्याचे उत्तर प्रयोगाच्या कसोटीवर घासूनच घ्यावे लागते.